कादंबरीला लावलेला कौल

श्रावणात आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात दुपारची पोथी असते आणि ती वाचायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडं आहे. माझा आवाज खणखणीत आहे आणि मला दम लागत नाही, एवढीच माझी लायकी. मालक म्हणतात, ही वाचायला बसली की सिरसाळ्याच्या बाजारात ऐकू जातं. म्हणू द्या. एका वर्षी पोळा झाला, पोथीची समाप्ती झाली, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवळापुढून चालले तर सगळ्या बाया आपापल्या जागेवर येऊन बसलेल्या. "आता काय वाचतीस?" एकीनं विचारलं. जसा काही मी वाचनाचा कारखानाच टाकलाय.

मी सिरसाळ्याच्या वाचनालयातून एक कादंबरी आणलेली होती. बंगालीतून मराठीत आलेली. घरी एकटीच वाचत होते. म्हटलं, चला, हीच वाचते. झालं, तिसऱ्याच पानावर घोळ झाला. त्या कादंबरीतल्या ब्राह्मणाच्या घरी मासे शिजत होते.

"बामनाच्या चुलीवर मासे? नीट बघून वाच," गळ्यात तुळशीची माळ असलेली एक म्हातारी म्हणाली. मी पान तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नाही, तरी तिनं पान बघितलं. कुजबुज सुरू झाली, दोघी तर उठायच्या बेतात. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, तिकडं दारात पानी हाय. ज्वारी कुटून येनार? गरीब खातील काय?" आणि प्रश्न मिटला. पुढं त्याच घरातली सून उपाशी झोपली तेव्हा त्या माळवाल्या म्हातारीनंच पदर डोळ्याला लावला.

मला याचं नवल तेव्हापासून वाटत आलंय आणि अजून सरलेलं नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं आमचा बीड जिल्हा स्वप्नातही बघितला नसेल. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं गाव त्याला ठाऊक नाही. आणि त्याच्या नदीकाठची सून आमच्या देवळात येऊन बसते, बाया सरकून तिला जागा करून देतात. मग मी कन्नडमधली आणली, मल्याळममधली आणली, उडियातली आणली. प्रत्येक वेळी पहिली दोन पानं आमच्या बाया नाक मुरडणार, आणि चौथ्या दिवशी त्या परक्या मुलखातल्या सासूला शिव्या देणार. हे लेखक लोक काय खाऊन लिहितात, देव जाणे.

पण बायांनी कादंबरीला पोथीचेच सगळे नियम लावले. खाली सतरंजी पाहिजे. मधे उठायचं नाही. एकदा सुरू केली की अर्धवट सोडायची नाही, खंड पडला तर घराला चांगलं नसतं. पुस्तकाला हळदी-कुंकू वाहायलाही निघाल्या होत्या, तिथं मात्र मी आडवी आले. "हे वाचनालयाचं हाय, तुमच्या देव्हाऱ्यातलं न्हाई. डाग पडला तर ग्रंथपाल मला दारात उभं करणार नाहीत." आणि शेवटचं पान झालं की हमखास विचारणार, "आन फळ?" पोथीच्या शेवटी असतं ना, हे ऐकणाऱ्याला काय मिळतं ते. संतान मिळतं, संकट टळतं. कादंबरीच्या शेवटी तसलं काही नसतं. मी म्हणायचे, याचं फळ नसतं बाई, नुसतंच ऐकायचं असतं. त्यांना ते काही पटायचं नाही.

आता काकूचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

काकू म्हणजे माझ्या मालकाची चुलती. आमच्या समोरचंच घर. हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ, आणि हट्टाला तर तोडच नाही. या गोष्टीच्या दोन पोळ्यांआधी तिच्या पोरानं बैलजोडी विकून टाकली. तिला न विचारता, पोळा तोंडावर आलेला असताना. ट्रॅक्टरनं नांगरट होतीय तर बैल कशाला पोसायचे, हे त्याचं म्हणणं. हिशेबानं बरोबरही असेल. पण त्यातला एक बैल काकूनं वासरू असल्यापासून हातानं पेंड चारून मोठा केलेला. पोळ्याच्या दिवशी गावातले बैल सजून वेशीत गेले आणि काकूच्या दावणीला नुसते खुंटे. ती पोराला सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "मला पुन्हा तोंड दावू नकूस." तो पण तिच्याच पोटचा. बायको घेऊन निघाला, चाकणला कंपनीत लागला. ना त्याचा फोन, ना हिचा. आम्ही कुणी विषय काढला की ती म्हणायची, "गाव त्यानं सोडलं, यायचं बी त्यानंच." पण गल्लीत मोटरसायकल थांबली की तिची मान आधी वळायची, ते आम्हाला सगळ्यांना दिसायचं.

मागच्या वर्षी पोथी झाल्यावर मी जी कादंबरी घेतली ती परक्या मुलखातली नव्हती. आमच्याच बाजूच्या, अंबाजोगाईत राहणाऱ्या एका लेखिकेची. फार मोठं नाव. तिची पुस्तकं दुसऱ्या भाषांत गेलेली, आणि बाईचं घर इथं एसटीच्या टप्प्यात. कथा म्हणाल तर साधीच. एका आईचा पोरगा भांडून घर सोडून जातो आणि ती वाट बघते. मी विषय बघून घेतलीच नव्हती हो, मला नाव आवडलं होतं. वाचायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काकू भिंतीचा टेका सोडून पुढं येऊन बसलीय.

मी रोज सकाळी पुढचं वाचून ठेवते, म्हणजे दुपारी अडखळत नाही. तशी एका सकाळी मी शेवटापर्यंत गेले. पोरगा येत नाही. आई म्हातारी होते, उंबऱ्यात बसते, त्याचा चेहरासुद्धा विसरते, पण त्याच्या चपलांचा आवाज विसरत नाही. तिथं कादंबरी संपते. पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ चुलीपुढं तशीच बसून राहिले. दूध उतू गेलं.

त्याच दुपारी वाचन झाल्यावर काकू सतरंजी घडी घालायला थांबली. एरवी कधी थांबत नाही. म्हणाली, "तुला म्हनून सांगते. मारुतीला कौल लावलता मी."

आमच्याकडं रीत आहे. मनात एक गोष्ट धरायची, देवाच्या दोन्ही अंगाला दोन फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर काम होणार, डावं पडलं तर नाही.

"मग? कुठलं पडलं?"

"कुटलंच न्हाई. शेंदूर आन तेल इतकं थापलेलं हाय की चिकटून बसले दोनी. दुसऱ्या दिवशी बगितले तर वाळून तितंच."

मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती सतरंजीकडं बघत म्हणाली, "म्हनून आता तुज्या पुस्तकावर धरलंय. त्या बाईचं लेकरू आलं की माजं बी येतंय. मग मी काई मागचं काडनार न्हाई."

माझं हसू तिथंच गेलं. तिनं कौल लावला होता आणि डावं फूल मी सकाळीच पडलेलं बघितलं होतं.

पुढचे काही दिवस मी काय काय केलं ते विचारू नका. सावकाश वाचलं. घसा बसला म्हटलं. एकदा तर मागचाच भाग पुन्हा वाचायला घेतला, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "हे काल झालं की." काय बाया आहेत, एक ओळ विसरत नाहीत. सोडून द्यावं तर खंड पडतो. लांबवावं तर दसरा जवळ आला होता आणि निम्म्या बाया ऊसतोडीला जाणाऱ्या. मुकादमाचा ट्रक लागायच्या आत शेवट झालाच पाहिजे, असं त्यांनी मला बजावून ठेवलेलं.

घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "आला म्हण. काय बिघडतंय? तुझ्या पुस्तकवाल्या बाईला कोण सांगायला जातंय?"

म्हटलं तर खरं होतं. देवळात पुस्तक वाचणारी मी एकटी. मी म्हटलं आला, तर आला. पण मला ते गिळवेना. आणि माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट गिळवेनाशी झाली तर मी सरळ ज्याची त्याला जाऊन विचारते. वाचनालयातून पत्ता घेतला आणि परळीवरून अंबाजोगाई गाठली.

खरं सांगते, घाट चढताना वाटलं, इथूनच मागं फिरावं. जिवंत लेखक मी कधी बघितलाच नव्हता. शाळेत आम्हाला लेखक म्हणजे मेलेलाच असतो असं वाटायचं, कारण धड्याच्या वर जन्म आणि मृत्यू दोन्ही छापलेलं असायचं. आणि ही बाई तर जिनं आमचं सगळं देऊळ रडवलंय. कशी असेल, काय बोलेल, मला तिच्यापुढं नीट बोलता तरी येईल का?

बाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. पातळ केसांचा अंबाडा, अंगावर विटका गाऊन, वर टॉवेल. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "गुडघ्यांना हात लावू नका हं, फार दुखतात." मी कोण, कुठली ते सांगितलं. त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली. मग मी मेथी निवडत निवडत सगळं सांगितलं. देऊळ, पोथी, काकू, बैल, फुलं, कौल. बोलायला लागले की मला थांबता येत नाही. शेवटी विचारलं, "तर मी त्याला परत आला म्हणून वाचू का? तुमची परवानगी घ्यायला आले."

मला वाटलं चिडतील. त्या निवडायच्या थांबल्या. हातातली काडी तशीच राहिली.

"मी त्याला आणलं होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलं होतं तसं. दारात उभा केला. चपला काढल्या त्यानं. आणि पुढं त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मी रोज सकाळी लिहायला बसायची आणि हा आपला दारात उभा. तो बोलेना, ती बोलेना. शेवटी ती पानं मी बंबात घातली. तो आलाच नव्हता हो. मीच ओढून आणला होता त्याला."

मी समजत होते, लेखक म्हणजे मुकादमासारखा. तू इकडं हो, तू तिकडं हो, तू मर, तू जग. आणि इथं ही एवढी मोठी बाई स्वतःच्याच मनातून काढलेल्या पोरापुढं हात टेकून बसलेली. त्याला एक शब्द बोलायला लावता आला नाही तिला. हे ऐकल्यावर मला ती कमी वाटायला पाहिजे होती. मला तर उलटंच झालं. पुन्हा पाया पडावंसं वाटलं, पण गुडघ्यांची आठवण झाली.

"मग मी काय करू?"

"आहे तसं वाचा. नाही जमत तर वाचू नका. पण बदलू नका. तुमच्या काकूंना लहान मूल समजू नका."

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्हाला काय होतंय म्हणायला? उद्या तिच्या तोंडासमोर मला बसायचंय, तुम्हाला न्हाई."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "खरं आहे." मग उठल्या, भिंत धरत आत गेल्या, मला भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. निघताना फोन नंबर दिला. "त्या काय म्हणाल्या ते मला कळवा," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी देऊळ भरलं होतं. नारळ आणलेला, साखर-फुटाणे आणलेले, ट्रकला जायच्या बायांनी पोरंसुद्धा आणलेली. काकू पुढंच, अगदी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. नवं लुगडं नेसून आली होती.

मी वाचलं. आहे तसं. आवाज फुटला दोनदा, पण थांबले नाही. उंबरा आला, संध्याकाळ आली, चपलांचा आवाज आला. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्या तरी चपला होत्या त्या. शेवटची ओळ झाली आणि मी पुस्तक मिटलं. कुणी फळसुद्धा विचारलं नाही. मी काकूकडं बघायचं टाळत होते, पण एवढ्या जवळ बसलेल्या माणसाला किती टाळणार?

ती रडत नव्हती. कपाळाला आठ्या घालून बसली होती, बाजारात भाव पटला नाही की बसते तशी.

"आला न्हाई?"

"न्हाई."

"आन हिकडून कोनीच गेलं न्हाई का आनायला?"

"न्हाई."

"कावून?"

एवढे दिवस वाचत होते, दोनदा वाचलं, लिहिणारीला भेटून आले, आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

"त्या बाईला पाय होते ना?" काकू म्हणाली.

"होते की."

"मंग?"

ती उठली. प्रसाद घेतला, पदरात बांधला आणि निघून गेली. मला वाटलं, रागावली. वाटलं, आता ही काही पुन्हा यायची नाही देवळात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तर काकू दाराला कुलूप लावत होती. तेच नवं लुगडं. हातात पिशवी, पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगाची चटणी, वरून तूप. "चाकनला चालले," म्हणाली. "बायांना अर्धं तिकीट हाय आता. सरकारनं काय उगंच केलंय का ते?" तिनं याआधी एकटीनं बीडसुद्धा ओलांडलेलं नव्हतं. मालकांनी तिच्या पोराचा पत्ता मोबाइलवरून मिळवला, एका कागदावर लिहून दिला आणि परळीपर्यंत सोडून आले. माझं झाडणं तसंच राहिलं. मी खराटा हातात धरून उभी होते.

ती आठवड्यानं परत आली, एकटीच. दसरा होऊन गेला होता, निम्म्या घरांना कुलपं लागली होती. मी तिच्याकडं धावतच गेले. तिनं आधी पाणी प्यायलं, मग पाय पसरले, मग सांगितलं.

"दार त्यानंच उगडलं. नुसता बगत ऱ्हायला. तोंडातून शबूद न्हाई. मला वाटलं, आपन बी गप बसलो तर त्या पुस्तकातल्यावानी हुईल. मंग मीच म्हनले, 'मी आलेय रं. आत घेतूस का न्हाई?'"

"मग?"

"मंग काय? पिशवी घेतली हातातून. जड हाय म्हनला. लेकरागत रडला गं." आणि एवढं सांगून ती स्वतःच रडायला लागली. दोन पोळ्यांचं साठलेलं होतं ते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि माझ्याही डोळ्याला धार लागली. दिवाळीला तो बायकोला घेऊन येणार होता. आलाही. चपला उंबऱ्याच्या बाहेर काढल्या त्यानं. मी समोरच्या घरातून बघत होते.

पण ते नंतर. त्या दिवशी डोळे पुसल्यावर काकू म्हणाली, "ते पुस्तक दिलंस का परत?"

दिलं नव्हतं. मी घरातून आणलं. तिनं भिंतीतल्या देवळीतली हळदी-कुंकवाची डबी काढली, बोट बुडवलं, पुस्तक पालथं केलं. मागच्या पानावर त्या लेखिकेचा फोटो होता. काकूनं आधी हळद आणि मग कुंकू बरोबर तिच्या कपाळाला लावलं, आणि पुस्तकाला डोकं टेकवलं. मी आडवी आले नाही. ग्रंथपालांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

संध्याकाळी अंबाजोगाईला फोन लावला. बोलताना घाई झाली माझी. काकूनं काय विचारलं ते सांगितलं, पायांचं सांगितलं, चाकणचं दार सांगितलं, "मी आलेय रं" सांगितलं, कुंकवाचंही सांगितलं. मला वाटलं फोन कटला. "ऐकताय ना?" मी विचारलं.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या त्या उंबऱ्यातल्या बाईला कुणीतरी हे पुस्तक वाचून दाखवायला पाहिजे होतं."